कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी नवं विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये तपासून घ्यायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. धरणगावकडच्या एका जिनिंगमधले (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातले) संगणक सांभाळणारा तरुण विचारतो की विंडोजची अजून सर्वांसाठी न आलेली आवृत्ती त्याला व्हर्च्युअल मशीनमध्ये (थोडक्यात व्हीएम, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा संगणक) चालवून बघायची आहे. लॅपटॉप त्याचा स्वतःचा आहे: आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, वर विंडोज ११ होम. एवढ्यावर जमेल का? लॅपटॉपमध्ये जिनिंगचे हिशोब आहेत, त्यांना धोका आहे का? आणि मित्र म्हणतो तसं, व्हीएमच्या भानगडीत न पडता थेट लॅपटॉपवरच टाकलं तर काय बिघडलं?

भाऊ, मित्राचं म्हणणं आधी निकालात काढू. थेट लॅपटॉपवर टाकू नका. इनसायडर प्रोग्रॅम म्हणजे पूर्वआवृत्त्या आधी वापरायला देण्याची मायक्रोसॉफ्टची योजना; तिच्यातल्या डेव्ह किंवा कॅनरी चॅनेलवर (चॅनेल म्हणजे आवृत्ती किती कच्ची त्यानुसार केलेला गट) एकदा चढलात की स्थिर विंडोजवर परतायला फॉरमॅट मारून सगळं नव्याने टाकणं एवढाच रस्ता उरतो. अपडेटनंतर सेटिंग्जमध्ये मागे जाण्याची सोय असते, पण ती साधारण दहा दिवसांपुरती. शिवाय या पूर्वआवृत्त्यांना मुदत असते. ती संपत आली की सूचना यायला लागतात, संपली की मशीन दर काही तासांनी आपोआप रीस्टार्ट होतं आणि शेवटी सुरूच होत नाही. रनच्या चौकटीत 'विनव्हर' लिहून एंटर मारलं की मुदतीची तारीख दिसते. ज्याच्याकडे एकच लॅपटॉप आहे आणि त्यावरच रोजीरोटी आहे, त्याने हा खेळ व्हीएममध्येच करावा.

पण नवं विंडोज नेमकं कशासाठी बघायचंय, हे आधी ठरवा. फक्त नवा स्टार्ट मेनू बघायचा असेल तर एवढा व्याप करू नका, व्हिडिओ बघा. जिनिंगसाठी बघायचं असेल तर हे काम फार मोलाचं आहे, आणि त्याला एक ठराविक वेळ आहे.

विंडोज ११ पहिल्यांदा आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला. त्यानंतर २२एच२ ही आवृत्ती २० सप्टेंबर २०२२ ला, २३एच२ ही ३१ ऑक्टोबर २०२३ ला, २४एच२ ही १ ऑक्टोबर २०२४ ला आणि २५एच२ ही ३० सप्टेंबर २०२५ ला. म्हणजे पितृपक्षापासून दिवाळीपर्यंतच्या पट्ट्यात दर वर्षी मोठं अपडेट येतं. आपल्याकडे वेचणीचा पहिला कापूस याच दिवसांत यायला लागतो. गेटवर गाड्यांची रांग लागलेली, भुईकाट्यावर वजन होतंय, शेतकरी पावतीसाठी खिडकीशी उभा आहे, आणि संगणक रात्रीत नवीन आवृत्तीवर जाऊन बसलाय, काट्याचा आकडा काही स्क्रीनवर येत नाही. जिनिंगवाल्यांचे असे फोन मला हंगामाच्या तोंडावर येत असतात, आणि तेव्हा करण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. करायचं ते त्याच्या महिनाभर आधी करायचं असतं.

तेवढा महिना मिळतोही. २५एच२ रिलीज प्रीव्ह्यू चॅनेलवर २९ ऑगस्ट २०२५ लाच आली होती, म्हणजे सर्वांना मिळण्याच्या महिनाभर आधी. म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला: कॅनरी आणि डेव्ह सोडा, रिलीज प्रीव्ह्यू घ्या. कॅनरी मार्च २०२३ मध्ये सुरू झालं, तिथे अगदी कच्चं काम येतं. त्यातली कित्येक वैशिष्ट्यं पुढे बाजारात येतच नाहीत. चॅनेलची नावं आणि मांडणी अधूनमधून बदलत असते, त्यामुळे नावापेक्षा क्रम लक्षात ठेवा. प्रसिद्ध होणाऱ्या आवृत्तीच्या सगळ्यात जवळचं चॅनेल तुमच्या कामाचं. शिकायची हौस असेल तर हंगाम आटोपल्यावर, उन्हाळ्यात डेव्ह बघा.

आता लॅपटॉप. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, दोन कोअर, यूईएफआय (संगणक सुरू करण्याची नवी पद्धत), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त भरवशाचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या साठवणारी चिप) लागतं. व्हीएमलाही तेच. ८ जीबीपैकी ४ जीबी आतल्या विंडोजला दिली की बाहेरच्याला ४ जीबी उरते. त्यात ब्राउझरचे पंधरा टॅब उघडे ठेवून व्हीएम चालणार नाही. सगळं बंद करून फक्त व्हीएम चालवलीत तर चालेल, रेंगाळत चालेल, पण तपासणी होईल. अजून ८ जीबीची पट्टी बसत असेल तर ती बसवा, या कामात पैशाचं चीज त्यानेच होतं. डिस्कवर साधारण ८० जीबी मोकळी हवी. व्हर्च्युअल डिस्क 'डायनॅमिक' ठेवली की सुरुवातीला कमी जागा घेते आणि लागेल तशी वाढते. मात्र आतलं काही पुसलं म्हणून ती फाइल आपोआप लहान होत नाही, हे ध्यानात असू द्या.

आता व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर. विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही होम आवृत्तीत मिळत नाही, ते प्रो आणि त्यावरच्यांत असतं. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांसाठी फुकट आहे आणि चांगलं आहे, फक्त त्यात टीपीएम जोडायला मशीन एन्क्रिप्ट करावी लागते. तुम्ही व्हर्च्युअलबॉक्स घ्या. ७.० पासून त्यात टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही आले. त्याआधीच्या आवृत्तीवर विंडोज ११ टाकायला लोक रजिस्ट्रीत नाना खटपटी करायचे. तुम्हाला आता त्याची गरज नाही, आणि करूही नका, कारण तशा मशीनवर केलेली तपासणी खऱ्या मशीनशी जुळत नाही.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू. तिथे 'व्हर्च्युअलायझेशन' समोर 'एनेबल्ड' दिसायला हवं. नसेल तर बायोसमध्ये इंटेलसाठी व्हीटी-एक्स, एएमडीसाठी एसव्हीएम चालू करा. व्हीएम सुरू झाली की तिच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय का ते बघा. कासव दिसलं तर व्हर्च्युअलबॉक्स विंडोजच्या स्वतःच्या हायपरव्हायजरवर (व्हीएम चालवणाऱ्या थरावर) बसून चालतंय आणि म्हणून मंद आहे. बहुतेक वेळा कारण असतं कोअर आयसोलेशनमधलं 'मेमरी इंटिग्रिटी' (विंडोजचं एक सुरक्षा-कवच). इंटरनेटवर सगळे सांगतात की ते बंद करा. मी सांगतो, ज्या लॅपटॉपवर दुसऱ्याचे हिशोब आहेत त्यावर ते बंद करू नका. संथ चाललं तरी चालू द्या. तुम्हाला काही त्यात गेम खेळायचे नाहीत.

आयएसओ फाइल (विंडोज टाकण्याची पूर्ण प्रत) इनसायडरच्या अधिकृत पानावरूनच घ्या. त्यासाठी इनसायडर म्हणून नोंदवलेलं मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. फाइल काही जीबींची असते आणि डाउनलोडची लिंक २४ तासच चालते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या दीड-दोन जीबीच्या डेट्यात, तीन दिवसांत थोडं थोडं उतरवू म्हणाल तर दुसऱ्या दिवशी लिंक मेलेली असेल. जिथे फायबरची लाइन आहे तिथे बसून एका दमात उतरवा. टेलिग्रामवर किंवा कोणाच्या पेनड्राइव्हवर मिळालेली आयएसओ घेऊ नका. उतरली की पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' चालवून आलेला आकडा पानावर दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे इन्स्टॉलेशन मध्येच अडकतं आणि माणूस उगाच नव्या विंडोजला दोष देत बसतो.

मशीन बनवताना प्रकार विंडोज ११ निवडला की यूईएफआय आणि टीपीएमच्या खुणा आपोआप लागतात, तरी सिस्टिमच्या पानावर एकदा खात्री करा. प्रोसेसर दोन द्या, त्यापेक्षा जास्त नको. आपोआप इन्स्टॉल करण्याची जी सोय पुढे येते ती वगळा आणि विंडोज हाताने टाका. पूर्वआवृत्तीत त्या सोयीचा भरवसा नसतो. परवान्याचंही बघा. व्हीएम म्हणजे वेगळं मशीन, लॅपटॉपचा परवाना तिला लागू होत नाही. की न टाकता तात्पुरतं बघता येतं, कोपऱ्यात सूचना दिसत राहते. कायम ठेवायची मशीन असेल तर तिचा परवाना घ्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न, हिशोबाची सुरक्षितता. व्हीएम ही बंद खोली आहे हे खरं, पण तिला दारं आहेत, आणि ती बहुतेक वेळा आपणच उघडी ठेवतो.

सगळ्यात मोठं दार कोणाच्या लक्षात येत नाही: मायक्रोसॉफ्ट खातं. लॅपटॉपवर जे खातं आहे तेच व्हीएममध्ये टाकलंत की वनड्राइव्हही आत येतं. नव्या विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हवर नेण्याची गोष्ट सेटअपमध्येच पुढे येते, आणि 'पुढे, पुढे' करत माणूस होकार देऊन बसतो. मग आत प्रयोग म्हणून पुसलेलं फोल्डर बाहेरच्या लॅपटॉपवरूनही जातं. फाइल रीसायकल बिनमध्ये किंवा वनड्राइव्हच्या साइटवर काही दिवस सापडते, पण हंगामात कोणाला वेळ आहे शोधायला? म्हणून इनसायडरसाठी वेगळं खातं काढा आणि त्या खात्यात जिनिंगचं काहीही नको.

दुसरं दार शेअर्ड फोल्डर. सोय म्हणून लोक अख्खा डी ड्राइव्ह व्हीएमला जोडून टाकतात. आत काही वाईट शिरलं, किंवा नव्या विंडोजमधल्या चुकीनेच फाइल खराब झाली, तर ते थेट तुमच्या खऱ्या फाइलींवर होतं. एक रिकामं फोल्डर बनवा, तेवढंच जोडा आणि 'रीड ओन्ली'ची खूण करा. क्लिपबोर्ड बंदच ठेवा, फार तर बाहेरून आत असा एकतर्फी.

तिसरं दार नेटवर्क. ते 'नॅट'वर ठेवा. 'ब्रिज्ड' केलंत की व्हीएम जिनिंगच्या नेटवर्कवर स्वतंत्र संगणक म्हणून उभी राहते आणि काट्याचा संगणक, हिशोबाचा संगणक सगळे तिला दिसतात. नॅटमध्ये तिला इंटरनेट मिळतं, पण बाहेरचं कोणी तिच्यापर्यंत पोचत नाही. तरी लक्षात ठेवा, आतून बाहेर जायची वाट नॅटमध्येही असते. म्हणून अपडेट उतरले, सगळं बसलं, की नेटवर्क सेटिंगमधली 'केबल कनेक्टेड'ची खूण काढून टाका. उरलेली तपासणी नेटशिवाय होते.

चौथी गोष्ट दार नाही, अट आहे. इनसायडर आवृत्ती घ्यायची तर ऐच्छिक निदान माहिती मायक्रोसॉफ्टला पाठवायला परवानगी द्यावी लागते. कच्च्या आवृत्तीतल्या चुका शोधायच्या तर ते रास्त आहे. पण त्याचा अर्थ असा की शेतकऱ्यांची नावं, बँक खाते क्रमांक, आधार अशी माहिती असलेली खरी फाइल त्या मशीनमध्ये जाताच कामा नये. ती माहिती तुमची नाही, शेतकऱ्याने पावतीपुरती तुमच्या मालकाकडे दिलेली आहे. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक खोटी कंपनी बनवा, खोटी नावं टाका, चार व्यवहार करा. शैक्षणिक किंवा चाचणी मोड असेल तर तोच वापरा, नाहीतर परवान्याची एक जागा व्हीएमवर खर्ची पडेल आणि सोडवायला फोनाफोनी करावी लागेल.

एवढं पाळलंत तर हिशोबाला धोका नाही. पण त्या व्हीएममध्ये खरं काम एक दिवसही करू नका, 'चाललंय ना नीट' म्हणून सुद्धा नको.

आता जिनिंगच्या कामाची खरी तपासणी. इथे बारकावा आहे, आणि तो चुकला की तपासणी खोटी पास होते. भुईकाट्याचा इंडिकेटर सहसा जुन्या सीरियल पोर्टने बोलतो, मध्ये यूएसबी-टू-सीरियल कन्व्हर्टर असतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तो दोन तऱ्हांनी आत नेता येतो. एक, बाहेरच्या लॅपटॉपचा कॉम पोर्ट व्हीएमच्या सीरियल पोर्टला जोडायचा. तसं केलंत तर कन्व्हर्टर चालवतो तो बाहेरच्या, जुन्या विंडोजचा ड्रायव्हर. आतल्या नव्या विंडोजला फक्त एक साधा काल्पनिक सीरियल पोर्ट दिसतो. आकडा येईल, तुम्ही खूश व्हाल, आणि नव्या विंडोजची परीक्षा झालेलीच नसेल. दुसरी तऱ्हा म्हणजे व्हीएमच्या डिव्हायसेस मेनूतून यूएसबीमध्ये जाऊन कन्व्हर्टर उचलायचा. तेव्हा तो बाहेरून गायब होतो, आत नव्याने दिसतो, आणि त्याला नव्या विंडोजचाच ड्रायव्हर लागतो. हीच खरी तपासणी. डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि पोर्ट्सखाली बघा. पिवळं चिन्ह नाही, कॉम क्रमांक आला, तर काट्याचं सॉफ्टवेअर त्या क्रमांकावर लावा आणि काट्यावर एक गाडी उभी करून आकडा जुळवा. जुन्या पीएल२३०३ चिपचा कन्व्हर्टर असेल तर काही वेळा डिव्हाइसच्या नावाच्या जागीच 'ही चिप २०१२ पासून बंद, पुरवठादाराशी बोला' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते. ती दिसली की वाद घालत बसू नका, कन्व्हर्टर बदला.

हाच नियम प्रिंटरला आणि डिजिटल सहीच्या टोकनला. यूएसबीने आत घेतलेला प्रिंटर म्हणजे खरी तपासणी, नेटवर्कवरून बाहेरच्याच लॅपटॉपमार्फत छापलेलं पान म्हणजे अर्धी. टोकन आत जोडून त्याच्या युटिलिटीत प्रमाणपत्र दिसतंय का, एवढंच पाहा. त्या मशीनवरून खरं रिटर्न भरू नका, आणि पिन टाकून टाकून बघू नका, चुकीच्या पिनवर टोकन लॉक होतं.

लॅपटॉपच्या पोटातलं जे आहे, म्हणजे वायफाय, ग्राफिक्स, झोप घेऊन उठणं, बॅटरी, बोटाचा ठसा, त्यातलं काहीही व्हीएम सांगू शकत नाही. आतल्या विंडोजला खरं ग्राफिक्स कार्ड दिसतच नाही, एक काल्पनिक कार्ड दिसतं. त्यामुळे व्हीएम छान चालली म्हणून जिनिंगमधला दहा वर्षं जुना संगणक नव्या आवृत्तीवर छान चालेल, असा निष्कर्ष काढू नका.

मराठीची तपासणी मात्र व्हीएममध्ये पूर्ण होते, आणि ती करायला आपल्याशिवाय कोणी येणार नाही. पावतीवरचे शब्द घ्या. 'शेतकऱ्याचे नाव' हे प्रत्येक पावतीवर असतं. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅशची कळ दाबली की 'ऱ्य' यायला हवा. नोटपॅडमध्ये येतो का, एक्सेलच्या खान्यात येतो का, छापल्यावर तसाच राहतो का, की 'शेतकर्याचे' असं काहीतरी उमटतं? मग जुन्या फाइलींतून तोच शब्द शोधा. काही जुन्या टायपिंगमध्ये साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह वापरून तोच आकार काढलेला असतो. डोळ्याला दोन्ही सारखे, पण शोधात एक सापडला तर दुसरा सापडत नाही. हे आज तुमच्या जुन्या विंडोजमध्ये कसं वागतं ते आधी लिहून ठेवा आणि मग नव्यात बघा. 'ॲ' असाच. युनिकोडमध्ये ते स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आलं, त्याआधीचे लोक 'अ' वर चंद्र चढवायचे. फाइलचं नाव मराठीत ठेवून ती झिप करून उघडा. पाळधी, एरंडोल, बोदवड अशी गावांची यादी एक्सेलमध्ये अकारविल्हे लावून बघा. लाखाचे स्वल्पविराम १,००,००० असे पडतात का, रुपयाचं चिन्ह पावतीवर चौकोन होऊन येत नाही ना, बघा. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. ऑफिसातली मुलं तो वापरत असतील तर तोही.

यातलं काही बिघडलेलं सापडलं तर विंडोज आणि एफ कळ दाबून फीडबॅक हब उघडा आणि लिहा. बिल्ड क्रमांक (विंडोजच्या नेमक्या आवृत्तीचा आकडा), कोणता कीबोर्ड, कोणत्या कळा, काय यायला हवं होतं, काय आलं, आणि व्हीएममध्ये बघितलं आहे हेही. मराठीच्या तक्रारी मुळात थोडे लोक लिहितात. आवृत्ती बाहेर पडण्याआधी धरणगावहून गेलेली एक नेमकी तक्रार पुढे कित्येक तहसील कार्यालयं आणि सोसायट्यांचा त्रास वाचवू शकते. मला हे मनापासून वाटतं, म्हणून मी हे काम पदरचा वेळ घालून करतो.

स्नॅपशॉट, म्हणजे पुन्हा परत येता येईल अशी मशीनची जतन केलेली स्थिती, कधी घ्यायचे? विंडोज टाकून, अपडेट करून, सॉफ्टवेअर घालून झालं की मशीन पूर्ण बंद करून एक. नवीन बिल्ड घेण्याआधी एक. बस. चालू मशीनचा स्नॅपशॉट घेतला की रॅमही त्यात साठते आणि जागा खातो. दहा-दहा स्नॅपशॉट साठवले की २५६ जीबीची डिस्क भरते, आणि ते पुसतानाही जोडाजोडीसाठी मोकळी जागा लागते. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, मूळ फाइल गेली की तेही गेले. मशीन दुसरीकडे न्यायची तर फक्त डिस्कची फाइल उचलू नका, अख्खं फोल्डर न्या, टीपीएमची माहिती वेगळ्या फाइलमध्ये असते. २४एच२ पासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलात की डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप सुरू होऊ शकतं. मशीन मागे-पुढे नेताना रिकव्हरी की मागितली जाते, ती आधीच उतरवून ठेवा.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, पण जिनिंगमधल्या डेस्कटॉपवर व्हीएम चालवत असाल तर यूपीएसशिवाय नको. लिहिणं चालू असताना वीज गेली तर आतलं विंडोज खराब होतं, कधी डिस्कची फाइलच. इनव्हर्टरवर गाडी गेली की 'सेव्ह स्टेट' करून बंद करा. दुसरी गोष्ट ऊन. एप्रिल-मे मध्ये, भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास असताना, दुपारी पत्र्याखाली बसून व्हीएमचा वेग मोजू नका. प्रोसेसर गरम झाला की स्वतःच वेग कमी करतो, आणि तुम्ही नोंद करता की 'नवीन विंडोज स्लो आहे'. वेगाची तुलना सकाळी करा, लॅपटॉप चार्जरला लावून.

काही बिघडलं की दोष कोणाचा हे ओळखायला एक युक्ती आहे, ती जरूर वापरा. आज सगळीकडे चालू असलेल्या विंडोजची दुसरी व्हीएम बनवा, अगदी त्याच सेटिंगची. चूक दोन्हीकडे दिसली तर नव्या आवृत्तीचा दोष नाही, व्हर्च्युअलबॉक्सचा किंवा तुमच्या लॅपटॉपचा आहे. फक्त नव्यात दिसली तरच ती नव्याची. जागा कमी असेल तर ही दुसरी मशीन बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, दोन्ही एकाच वेळी चालवायच्याच नाहीत. कच्च्या विंडोजवर गेस्ट ॲडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचं आत टाकायचं मदतनीस सॉफ्टवेअर) टाकल्यावर पडदा काळा होणं हा ठरलेला प्रकार आहे. स्नॅपशॉटवर परत या, थ्रीडी ॲक्सलरेशन बंद करा, मग बघा. आणि हेही माहीत असू द्या की इनसायडरमध्ये नवी वैशिष्ट्यं हळूहळू वाटली जातात. एकाच बिल्डच्या दोन मशीनवर एकीत दिसलेलं दुसरीत दिसेलच असं नाही. त्यात तुमची चूक नसते.

हे सगळं काही नवं नाही. आयबीएमने १९७२ मध्ये मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० काढलं, तेव्हाही त्याचा एक मोठा उपयोग हाच होता: रोजचं काम जुन्या सिस्टिमवर चालू ठेवायचं आणि त्याच यंत्रावर शेजारी नव्या आवृत्तीची चाचणी घ्यायची.

फक्त शिकायचंच असेल, जिनिंगचा संबंध नसेल, तर विंडोजच्या मागे न लागता उबुंटू (फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली) घ्या. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती येते, तिच्या काही आठवडे आधी बीटा मिळते, परवान्याचा प्रश्न नाही, २५ जीबी डिस्कवर चालते. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ती विंडोजपेक्षा हलकी वाटेल.

शेवटी तपासणीत जे निघेल त्याचं काय करायचं तेही सांगतो. कन्व्हर्टर किंवा टोकनचा ड्रायव्हर नव्यात चालला नाही, तर मालकाला दसऱ्याआधी सांगा आणि नवा कन्व्हर्टर आणून तोही त्याच व्हीएममध्ये तपासून घ्या. सॉफ्टवेअरची अडचण असेल तर बनवणाऱ्याला बिल्ड क्रमांकासकट लेखी कळवा. तोवर काट्याच्या संगणकावर अपडेट थांबवा. होममध्ये ते पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात. काट्याचा संगणक प्रोवर असेल तर ग्रुप पॉलिसीत 'टार्गेट व्हर्जन' आजच्याच आवृत्तीवर बांधून ठेवा, म्हणजे सुरक्षेचे अपडेट येत राहतात आणि मोठी उडी तुम्ही सोडाल तेव्हाच होते. ती गाड्या थांबल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, एका रविवारी सोडा.